रविवारची उपासना आणि सोमवारचं बिल

भिंगारवाला (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

नगरजवळ माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याच्या शेड. जीएसटी नंबर घेतलेला आहे, कारण एमआयडीसीतल्या कंत्राटदारांना पक्कं बिल लागतं. पण घरगुती गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बिलाशिवाय कितीला द्याल?" ६०,००० चं गेट असेल तर वर १८ टक्के, म्हणजे १०,८०० रुपये. घर बांधणाऱ्या माणसाला त्यातला एक रुपया परत मिळत नाही, त्यामुळे त्याचंही चूक म्हणवत नाही. आमच्याच रस्त्यावरचा दुसरा वर्कशॉपवाला कच्च्या चिठ्ठीवर काम करतो. गिऱ्हाईक तिकडे वळतं.

मी आजवर नाही म्हणत आलोय. पण आता उन्हाळ्याच्या तोंडाला काम कमी आहे आणि हाताखालच्या पोरांचा पगार दर शनिवारी काढावाच लागतो. आमच्या चर्चच्या मंडळीत मी पंच आहे. रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी होती आणि भाग आला बायबलातल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला, तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही एवढंच असावं. वाचताना आवाज नेहमीसारखा निघेना.

कराच्या नियमांपेक्षा मला वेगळंच विचारायचं आहे. तुमच्या नोकरीत, धंद्यात, घरात श्रद्धेची खरी किंमत मोजावी लागली असे प्रसंग सांगा, आणि तेव्हा काय केलंत तेही सांगा. "प्रार्थना करा" एवढंच उत्तर नको. ती चालूच आहे.

जुना_मेंबर

कठीण आहे बाबा. वाचतोय.

ताळेबंद

मी सीए आहे, त्यामुळे आधी रुक्ष भाग. नुसत्या मालाच्या विक्रीला उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण तुम्ही नोंदणी केली आहे, म्हणजे प्रत्येक विक्रीवर कर लागणारच. बिलाशिवाय विकायचं ठरवलं की ते एका गेटवर थांबत नाही. पक्क्या बिलाने आणलेलं लोखंड विक्रीत दिसत नाही, म्हणून पुढे लोखंडही कच्च्यात आणावं लागतं. मग मजुरी रोखीत, मग बँकेत दाखवायला उत्पन्न नाही, मग कर्ज मिळत नाही. एक कच्ची चिठ्ठी दुसरी मागते. असे धंदे मी रोज पाहतो. माणसं वाईट नसतात, अडकलेली असतात.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. आमच्या व्यवसायात श्रद्धेची परीक्षा एका सहीवर होते. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सही करायची का? एक मोठा अशील मी याच कारणाने सोडला. घरात चर्चा झाली, थोडी चिडचिडही झाली. एवढंच.

वसईची_सून

ताळेबंद, तुमचं "एवढंच" वाचून थांबले. त्या चिडचिडीबद्दल कुणी लिहीत नाही. किंमत एकटा माणूस मोजत नाही, आख्खं घर मोजतं.

आमचं वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं वाडीवालं घर. सासूबाई पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुलं घेऊन दादरला जायच्या. टोपलीत वर ताजी आणि खाली कालची, हे बाजारात सगळेच करतात. त्या करायच्या नाहीत. कालची भाजी वेगळ्या फडक्यावर मांडून "ही कालची" म्हणून कमी भावात द्यायच्या. बाकीच्या बायका हसायच्या. मी नवी होते, मलाही ते पटायचं नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मिस्साला, चर्चच्या उपासनेला जाताना मला कुणाच्या तोंडाकडे बघायला लाज वाटता कामा नये." त्या शाळेत फारशा गेल्या नव्हत्या. पण जपमाळ म्हणताना आणि भाजी मोजताना त्यांचा चेहरा सारखाच असायचा.

दुसरी गोष्ट विहिरीची. टँकरचा सुळसुळाट झाला तेव्हा आमच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी विकून कितीतरी घरांनी पैसा केला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत पाणी आणि जमिनीबद्दल बोलायचे, तेव्हा त्याच चर्चमध्ये टँकरला पाणी देणारेही बसलेले असायचे. ऐकून घेणं सोपं नव्हतं कुणालाच. सासऱ्यांनी मोटर लावू दिली नाही. दिराचं म्हणणं होतं, आपण नाही दिलं तर शेजारी देईल, पाणी तर जमिनीखालून एकच आहे. त्याचा हिशोब बरोबर होता. तरी सासरे हलले नाहीत. आज आमच्या विहिरीला पाणी आहे असं सांगून मला गोष्ट गोड करायची नाही, कारण खारं पाणी आमच्याकडेही आलंच. त्यांनी केलं ते बरोबर होतं, एवढंच सांगायचंय.

पेरणी

सुंदर लिहिलंत ताई. पण एक विचारतो. हे सगळं प्रामाणिक हिंदू, मुसलमान, नास्तिक माणूसही करतो. मग यात ख्रिस्ती काय आहे? आपण साक्ष कधी देणार? येशूचं नाव घ्यायलाच नको असेल तर आपण फक्त चांगले नागरिक झालो.

मिरजेची_सिस्टर

पेरणी, तुमच्या प्रश्नाला माझ्या वॉर्डातून उत्तर देते.

माझं शिक्षण मिरजेत झालं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगायचे. पण मला तिथे खरं कळलं ते रात्रपाळीला. एक म्हातारे गृहस्थ होते, पाठीला झालेल्या जखमा सडलेल्या, नातेवाईक येत नव्हते. ड्रेसिंगला वेळ लागायचा आणि वास असह्य असायचा. दिवसा लोक बघत असतात, तेव्हा कुणीही नीट करेल. रात्री तीन वाजता, पेशंट अर्धवट शुद्धीत आणि सुपरवायझर दुसऱ्या मजल्यावर असताना घाई करायची की नाही, हे तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात असं येशू म्हणतो. मी ते शब्दशः घेते. तिथे तोच पडलेला आहे असं समजून पट्टी बदलते.

आणि साक्षीबद्दल. काही सहकारी पेशंटच्या उशाशी मोठ्याने प्रार्थना करायच्या. मी करत नाही. नळ्या लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, नको म्हणू शकत नाही. त्याची अगतिकता ही माझी संधी नाही. कुणी विचारलं, "सिस्टर, माझ्यासाठी देवाकडे मागाल का?" तर हात धरून मागते, त्याच्या भाषेत, थोडक्यात. मुसलमान आजींनी मागितलंय, वारकरी काकांनी मागितलंय. न विचारता मी मनात करते. ते ऐकणारा ऐकतो.

पेरणी

मान्य, अर्ध्यापर्यंत. पण प्रेषित गप्प बसले असते तर तुम्ही-आम्ही इथे असतो का?

मिरजेची_सिस्टर

प्रेषितांचे श्रोते उठून जाऊ शकत होते. :)

जुना_मेंबर

:)) सिस्टरांनी इंजेक्शन दिलं.

निवृत्त_पाळक

प्रिय भावंडांनो, सर्वांचं वाचून फार आनंद झाला. दोन शब्द सावधगिरीचे लिहितो.

पाळकपणात मी बरीच अशी माणसं पाहिली, ज्यांनी प्रामाणिकपणा देवाशी केलेला सौदा समजला. "मी खरं बोलतो, लाच देत नाही, कमाईचा दशांश चर्चला देतो, आता माझा धंदा वाढव." धंदा बुडाला तेव्हा त्यांच्याकडे श्रद्धाही उरली नाही. त्यांच्या घरी बसून मी रडलो आहे. खऱ्या बिलाने भिंगारवाल्यांची गिऱ्हाइकं वाढतील असं वचन शास्त्रात कुठेही नाही. कदाचित कमी होतील.

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही. आणि लगेच पुढच्या ओळीत, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. हा क्रम उलटा झाला की माणूस थकतो. आधी कळलं पाहिजे की देवाने मला काहीही न देता घेतलं आहे. मग तराजू खरा ठेवणं जड जात नाही, किंवा जड गेलं तरी त्याने माणूस मोडत नाही.

आडनाव_नको

पाळकसाहेब, आदराने लिहिते. कृपेवरचे उपदेश मी लहानपणापासून ऐकले. पण आमच्या वस्तीतल्या ज्या बायका चांगल्या घरांत धुणीभांडी करतात, त्यांना विचारा कुणाकडे पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो. काही घरांत भिंतीवर वचनाचं कॅलेंडर असतं आणि पगाराला "पुढच्या आठवड्यात बघू" असतं. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा ठेवू नकोस असं स्पष्ट लिहिलंय. याकोबाच्या पत्रात तर अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. यावर एक रविवार उपदेश व्हावा अशी फार इच्छा आहे.

भिंगारवाले, तुम्ही काम कमी असतानाही शनिवारचा पगार चुकवत नाही हे ओझरतं लिहून गेलात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

निवृत्त_पाळक

ताई, आमच्या मंडळीत पुढच्या महिन्यात मला एक रविवार दिला आहे. याकोबाचा पाचवा अध्याय घेतो.

फराळप्रेमी

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा सोडवत नाहीये. जुनी शंका आहे, विचारू का? आमच्या ऑफिसात सत्यनारायण असतो. दोन ख्रिस्ती सहकारी आहेत. एक प्रसाद आनंदाने घेतो, दुसरी हात जोडून नको म्हणते. कुणाचंच मला वाईट वाटत नाही, पण फरक का ते कळत नाही. द्यावा की देऊ नये, अशी पंचाईत होते.

पेरणी

तुमच्या सहकारी ताईंचं बरोबर आहे. मूर्तीला वाहिलेलं खाऊ नये हे प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये आहे.

जपमाळ

आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की मूर्ती म्हणजे काहीच नाही, खाल्ल्याने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि न खाल्ल्याने मागेही राहत नाही. फक्त माझ्या खाण्याने दुर्बल भावाचा विवेक दुखावू नये. मी घेतो, कारण देणाऱ्याने प्रेमाने दिलेलं असतं.

पेरणी

दहावा अध्यायही वाचा. "हे वाहिलेलं आहे" असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, असं तिथे आहे.

वसईची_सून

दोघेही बरोबर वचनं देताय आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. :) फराळप्रेमी, तुम्ही द्या. ज्याला घ्यायचा तो घेईल, ज्याला नको तो हात जोडेल. हात जोडणारीला "का?" विचारू नका आणि घेणाऱ्याला "अरे वा, तू कसा काय?" म्हणू नका. तेवढं केलंत तरी पुष्कळ.

फराळप्रेमी

धन्यवाद ताई. बरं, नाताळला तुमच्याकडेही करंज्या-चकल्या असतात ना?

भिंगारवाला

असतात म्हणजे काय! नगरच्या ख्रिस्ती घरात नाताळला करंजी, शंकरपाळी, चिवडा नसेल तर आजी घराबाहेर काढतील. दिवाळीत शेजाऱ्यांचे डबे येतात, ते डिसेंबरात आमच्या फराळाने भरून परत जातात. डबा रिकामा परत करायचा नाही, हे आमच्या गल्लीत सगळेच पाळतात.

जुना_मेंबर

म्हणजे ज्याचे शेजारी सगळ्या धर्मांचे, त्याचं वर्षभर वजन वाढतं. अनुभवाने सांगतो.

मराठवाड्यातला

फराळाच्या गप्पांमध्ये जरा कडू घालतोय, माफ करा.

"होय तर होय" हे वचन आमच्यासारख्यांना कसं लागतं ते सांगतो. आमचे आजोबा गावकुसाबाहेरचे, ख्रिस्ती झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. धर्म बदलला म्हणून गावाने आमची जात विसरली असं काही झालं नाही. विहीर तीच, नजर तीच. त्यामुळे आमच्या पट्ट्यात कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरं. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं, रेशन कार्डावरचं वेगळं. मला कागदावर ख्रिस्ती लिहिलं गेलं. शिष्यवृत्ती गेली, नंतर नोकरीची एक संधीही गेली. माझ्या आत्तेभावाने लिहिलं नाही, तो शिक्षक झाला. आम्ही दोघे एकाच बाकावर बसतो. त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शहरातली भावंडं प्रामाणिकपणावर उपदेश करतात तेव्हा मला वाटतं, प्रत्येकाच्या "होय"ची किंमत सारखी नसते. ६०,००० च्या गेटवर १०,८०० ची किंमत भिंगारवाल्यांना. आमच्याकडे आख्ख्या आयुष्याची.

आणि मंडळीतली जात? लग्न जुळवताना मूळ कुठलं हे हळूच विचारतातच. गलतीकरांस पत्रातलं "तुम्ही सर्व एकच आहात" हे वचन मग फक्त भिंतीवर.

आडनाव_नको

माझं हे सदस्यनाव त्याच प्रश्नामुळे आहे. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

निवृत्त_पाळक

मराठवाड्यातल्या भावा, तुझ्यापुढे मी उपदेशक म्हणून उभा राहू शकत नाही. तुझ्या आत्तेभावाचा न्याय करण्याचा अधिकार मला नाही. त्याला या पेचात टाकणाऱ्या व्यवस्थेचा करता येतो आणि तो चर्चनेही मोठ्याने करायला हवा.

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात त्या नवऱ्याचा धर्म स्वीकारायला तयार नव्हत्या. पण जात माणसाने केली, देवाने नाही, हे त्यांना स्वतःच्या विचारानेच पटलं आणि बाप्तिस्म्याच्या आधीच त्या सर्वांच्या हातचं पाणी पिऊ लागल्या. आपल्यातल्या काहींचा प्रवास उलटा आहे. बाप्तिस्मा आधी झाला, पाणी अजून बाकी आहे.

केडगावकर

पाळकसाहेबांनी टिळकांचं काढलंत म्हणून मी आमच्या गावचं सांगतो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आमच्याकडे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून. इतक्या जणींना नुसतं प्रार्थनेत बसवून ठेवलं नाही. शेती, दूध, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं उभं केलं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते १९२४ साली छापून पूर्ण झालं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या हातांत त्याच बायका होत्या, ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं.

पेरणींनी विचारलं होतं ना, यात ख्रिस्ती काय? मला वाटतं ते असं तेलाच्या घाण्यात दिसतं. रमाबाईंनी येशूचं नाव कधीच लपवलं नाही, पण आधी जेवायला घातलं.

पेरणी

हे मात्र काळजाला लागलं. धन्यवाद.

दुबईहून

थोडं अवांतर. इथे बरीच वर्षं रविवार कामाचा दिवस होता, उपासना शुक्रवारी. २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली. रविवारी ऑफिसला जाताना सुरुवातीला फार अपराधी वाटायचं. हळूहळू असं झालं की कामाच्या टेबलावर बसायच्या आधीची पाच मिनिटं हीच माझी रविवारची उपासना. आता रविवार मोकळा मिळतो, पण ती पाच मिनिटं सोडवत नाहीत.

सोलापूरची_पोर

मी कॉलेजात आहे, इथे पहिल्यांदाच लिहितेय. मोठ्यांनी रागावू नये.

आमच्याकडे दर गुरुवारी घरी प्रार्थना सभा असते. बाबा फार छान प्रार्थना करतात, लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण आजोबा गेल्यापासून जागेच्या वाटणीवरून बाबा आणि काका बोलत नाहीत. दोघं एकाच चर्चमध्ये येतात. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या वेळी बाबा डावीकडच्या रांगेत उभे राहिले की काका उजवीकडून जातात. चुलतभावंडांशी मी लपून फोनवर बोलते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातच आहे ना, वेदीजवळ भाऊ आठवला तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर? मी बाबांना हे कसं सांगू? सांगितलं तर म्हणतील, तू लहान आहेस, तुला व्यवहार कळत नाही.

निवृत्त_पाळक

बाळ, तू लहान नाहीस. आमच्या वेळी प्रभुभोजनाआधी तयारीची उपासना असायची. पाळक त्या आठवड्यात अबोला असलेल्या घरी जायचे, कधी दोन्ही घरी चहा पिऊन यायचे आणि सांगायचे, तिकडेही साखर जास्तच होती. बऱ्याचदा तेवढ्याने दार उघडायचं. तुझ्या पाळकांना एकटीने भेट. बाबांना वचन ऐकवू नकोस, ते त्यांना पाठ आहे.

वसईची_सून

आमच्या मिस्सात परमप्रसादाआधी एकमेकांना शांती देतात. जावेशी बोलणं बंद होतं तेव्हा मी मुद्दाम तीन बाकं पुढे बसायचे, म्हणजे तिला हात द्यावा लागणार नाही. एका रविवारी तीच चालत पुढे आली. सगळं मिटलं नाही, पण बोलणं सुरू झालं. बाळा, तू काकूंकडे जा. बायकांचं आपापसात बोलणं आधी सुरू होतं, पुरुष मागून येतात.

चिंचवडची_थोरली

इथे मला विरोधात लिहायचं आहे आणि नीट लिहायचं आहे.

समेट या शब्दाने मला घाबरायला होतं. वडील गेल्यावर भावांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "तू विश्वासातली आहेस, येशूने क्षमा शिकवली, कशाला वाद? सही कर." मंडळीतली दोन वडीलधारी माणसंही तेच बोलली. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलाला आणि मुलीला सारखा वाटा आहे. हे मला कुणीही सांगितलं नाही, वकिलाकडे गेल्यावर कळलं. मी सही केली नाही. वाटा घेतला. भावांशी मी आजही बोलते, नाताळचा डबा पाठवते. पण क्षमा करायची म्हणजे आपला हक्क गुपचूप सोडायचा, असं बायकांनाच का शिकवतात?

बायबलातल्या जकातदार जक्कयाची गोष्ट आठवा. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, तेव्हा जक्कय उभा राहून म्हणाला की ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत देतो. समेटात हिशोब होता. तो हिशोब टाळून गळाभेट घेतली की दुखणं आत राहतं.

पोरी, तुझ्या घरात जागेचे कागद काय म्हणतात ते आधी बघ. कदाचित दोघांतल्या एकाचं खरंच देणं लागत असेल.

निवृत्त_पाळक

ताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्या उत्तरात हे हवं होतं.

ताळेबंद

चिंचवडच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. सोलापूरच्या पोरी, सातबारा आणि मालमत्ता पत्रक ऑनलाइन बघता येतं. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर शोध, बाकी मी समजावतो.

सोलापूरची_पोर

सगळ्यांचे आभार. काकूंना फोन केला. त्या रडल्या, मीही. गट नंबर त्यांच्याकडे होता. आता दोघी मिळून पाळकांकडे जाणार आहोत. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आडनाव_नको

शाब्बास पोरी.

फराळप्रेमी

मूळ धागाकर्ते कुठे गायब? गेटचं काय झालं?

भिंगारवाला

आहे, सगळं वाचतोय. रात्री वर्कशॉप बंद केल्यावर एकेक प्रतिसाद परत वाचतो.

मराठवाड्यातल्या दादांचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. माझा प्रश्न त्यांच्या प्रश्नापुढे लहान आहे. पण लहान प्रश्नही रोज सकाळी शटर उघडताना समोर असतोच.

मी असं करतोय. घरगुती गिऱ्हाइकालाही पक्कंच कोटेशन. मात्र त्यात लोखंडाचं वजन, गेज म्हणजे जाडी, वेल्डिंग, रंगाचे हात हे सगळं फोडून लिहितो, म्हणजे त्याला कळेल की पैसे कशाचे. हलक्या गेजचा पाइप घालून कमी भाव सांगणारे बरेच आहेत, ते फोडून लिहीत नाहीत. या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं गेली आणि एक थांबलं. थांबलेलं गिऱ्हाईक वजन काट्यावर करून दाखवा म्हणालं, दाखवलं. पाळकसाहेबांनी लिहिलं तसं, याच्या बदल्यात देवाकडे काही मागत नाहीये. पोरांचा पगार निघावा एवढं मात्र रोज मागतो.

पेरणी

त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या वर्कशॉपवाल्याशी कधी बोललात का?

भिंगारवाला

रोज बोलतो. माझं मशीन बंद पडलं की त्याचं आणतो, त्याच्याकडे रॉड संपले की माझ्याकडून जातात. चांगला माणूस आहे. परवा चहाच्या टपरीवर त्याला सगळं सांगितलं. त्याचीही झोप उडालेली असते, नोटीस आली तर काय म्हणून. म्हणाला, "छोट्यांसाठी एक टक्क्याची काहीतरी योजना आहे म्हणतात, तू विचारून ये, मग मला सांग."

ताळेबंद

ती जीएसटीतली कंपोझिशन योजना. उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या उत्पादकाला एक टक्का. पण मग गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, लोखंडावर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही आणि तुमच्या कंत्राटदारांनाही मिळणार नाही. त्यामुळे तुम्हाला परवडेल असं वाटत नाही. त्याचं काम सगळं घरगुती असेल तर त्याला जमू शकेल, फक्त जागेवर जाऊन किती बसवणी करतो ते बघावं लागेल. आधीच नोंदणी असेल तर पर्याय आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी निवडावा लागतो, म्हणजे ३१ मार्चच्या आत.

दोघेही या. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो, फी नको. लोखंडाची खरेदीबिलं आणा, आणि त्याला सांगा, कच्च्या चिठ्ठ्यांची वहीसुद्धा आण.

भिंगारवाला

शनिवारी पोरांचा पगार करून चारपर्यंत निघतो. त्यालाही घेऊन येतो.